बुधवारचा उजेड

१

फांदी जागेवर नव्हती.

आपलंच झाड चुकलं असेल म्हणून नुआरानं मागंपुढं पाहिलं. पण पुलाखालच्या बागेत पायऱ्यांलगत कडू नारंगीचं झाड एकच होतं, आणि गेली अकरा वर्षं ती त्याच पायऱ्यांवर उभी राहून चिमण्या, बुलबुल असे साधे पक्षी कॅमेऱ्यात टिपत होती. मनगटाएवढी फांदी करवतीनं सरळ कापून नेलेली होती. त्या फांदीच्या दुबेळक्यात मकनीनचं घरटं होतं आणि घरट्यात आठ दिवसांची चार पिल्लं होती.

मकनीन म्हणजे मुठीत मावेल एवढा पक्षी. तोंड लाल, पंखावर पिवळी पट्टी, आणि गळा असा की ऐकणाऱ्याचा चहा गार होतो. अल्जेरियातल्या या कॉन्स्टंटिन शहरातले पुरुष एक वेळ बायकोचं औषध आणायला विसरतील, पण पिंजऱ्यातल्या मकनीनचं पाणी बदलायला विसरणार नाहीत. या प्रेमापायी त्यांनी रानात एकही पक्षी शिल्लक ठेवला नव्हता. वीस वर्षांनी एक जोडी आपण होऊन बागेत आली, तिनं घर बांधलं, आणि ते घर आज कुणीतरी नेलं होतं.

शेजारच्या फांदीवर दोन गोंदकाड्या खोचलेल्या होत्या. पक्षी धरणारे लावतात तशाच, चिकट. एका काडीला पिवळं पीस लागलं होतं.

खाली पायरीवर बागेचा माळी याझीद टोपी हातात घेऊन बसला होता. बागेचा साहेब मुराद त्याच्यापुढं उभा होता.

"खाल्ती, तुम्ही यात पडू नका," साहेब नुआराला म्हणाला. तिच्या वयाच्या बाईला इथं सगळे खाल्ती, म्हणजे मावशीच म्हणतात. "हा तरुणपणी गोंदकाड्याच लावत हिंडायचा. अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. करवत बागेच्या कोठीतली आणि किल्ली ह्याच्या कमरेला. आज शुक्रवार, उद्या शनिवार, कचेऱ्या बंद. रविवारी उघडल्या की देतो पोलिसांत."

"काल माझी सुट्टी होती," याझीद म्हणाला.

"सुट्टी होती म्हणूनच वेळ मिळाला."

याझीद बावीस वर्षं या बागेत होता. फाटकाजवळच्या एका खोलीत तो आणि त्याची बायको राहत. नोकरी गेली की ती खोलीही जाणार होती, आणि पासष्टीला आलेल्या माणसाला तुरुंगातून सुटल्यावर दुसरी खोली कोण देतो?

तेवढ्यात स्मैन आला. हा निवृत्त भूगोल मास्तर, पिकल्या मिशांचा, शनिवारी जमणाऱ्या त्यांच्या पक्षीवाल्या मंडळींचा गुरू. नवरा गेल्यावर नुआरा भिंतीकडं तोंड करून बसली होती, तेव्हा तिच्या हातात जुना कॅमेरा देणारा माणूस हाच. 'फोटो काढणाऱ्यानं झाडाचं पानसुद्धा हलवायचं नाही' हा त्याचा नियम सगळ्यांना तोंडपाठ होता.

स्मैननं कापलेल्या जागेकडं पाहिलं आणि तो खाली बसला.

"हाताला लागलेला गोंद माणसाला सुटत नाही, नुआरा," तो हळूच म्हणाला. "वाईट एवढंच वाटतं, की आपण ह्याला आपला मानलं."

याझीदनं ते ऐकलं, पण मान वर केली नाही.

२

नुआरानं तीस वर्षं दवाखान्यात एक्स-रे काढले होते. डॉक्टर येऊन बघायच्या आधी तिला सावलीवरून कळायचं की हाड कुठं मोडलंय. या गोष्टीचा तिला ताठा होता. आपल्या नजरेतून काही सुटत नाही असं ती चारचौघांत बोलूनही दाखवायची. त्या सवयीनं तिनं आधी छत्री मिटली आणि झाडाचे चहूबाजूंनी फोटो काढले. तिची काळी छत्री मंडळींत थट्टेचा विषय होता. नुआरा नमाज चुकवेल पण छत्री चुकवणार नाही, असं स्मैन म्हणायचा.

मग ती याझीदच्या खोलीत गेली. शुक्रवारी घरोघरी शिजणारं रव्याचं कुसकुस आज चुलीवर चढलं नव्हतं. बायको न बोलता कपडे गाठोड्यात बांधत होती.

"खरं सांग, याझीद. तू नेलीस पिल्लं?"

"अल्लाशपथ नाही. खाल्ती, तुम्ही त्या काड्या पाहिल्यात ना? तो उंदरांचा गोंद आहे, दुकानात डबीत मिळतो तो. त्यानं मकनीन धरायला गेलात तर हसतील लोक. आणि पीस किती? एक. गोंदाला लागलेला पक्षी असा फडफडतो, की काडीवर उशी फाटल्यासारखी पिसं दिसतात."

"म्हणजे काड्या कुणी नुसत्या खोचल्यात?"

"पुढचं ऐका. आठ दिवसांची पिल्लं कुणी अशी उचलून नेत नाही. चोराची रीतच वेगळी. तो पिल्लं छोट्या पिंजऱ्यात घालतो आणि पिंजरा त्याच झाडाला टांगतो. आईबाप येऊन गजांतून भरवतात. आठवडाभर आयती दाई मिळते. पिल्लं दाणे टिपायला लागली की मग पिंजरा काढून न्यायचा." तो थांबला. "एवढ्या लहान चार जिवांना माणसानं दिवसभर भरवायचं म्हणजे दर अर्ध्या तासाला चारा. निम्मी मरतात. फांदी कापून घरटं नेणाऱ्याला मकनीनमधलं काही म्हणजे काही कळत नाही."

"मग हे साहेबाला सांग ना."

याझीद पहिल्यांदाच हसला, पण ते हसणं बघवत नव्हतं. "काय सांगू? चोरीची रीत मला इतकी नीट ठाऊक आहे म्हणून मी चोर नाही, असं?"

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. फरक एवढाच, की हा संन्यासी आधी चोर होता.

३

घरट्याची जागा चौघांनाच माहीत होती. नुआरा, स्मैन, याझीद आणि औषधाच्या दुकानात काम करणारी रतीबा. रतीबा मंडळींत सगळ्यांत लहान. दारात नुआराला पाहताच ती रडायला लागली.

"खाल्ती, मीच केलं. सोमवारी मी फोटो टाकला फेसबुकवर. कोपऱ्यात पाण्याचं कारंजं दिसतंय, ते मला कळलंच नाही. ओळखली असणार कुणीतरी बाग."

"कुणी काही विचारलं का?"

"हाज अब्देलहकनं. 'माशाल्ला, कुठली बाग?' म्हणून."

हाज अब्देलहक म्हणजे पुलापलीकडच्या कॅफेचा मालक. त्याच्या भिंतीवर बावीस पिंजरे आणि आत बावीस गवयी. बायका त्या कॅफेत पाऊल ठेवत नसत. नुआरा सरळ आत गेली, तेव्हा डॉमिनो खेळणाऱ्यांचे हात हवेत थांबले. कोपऱ्यात पांढऱ्या कापडाखाली एक पिंजरा झाकलेला होता आणि त्यातून पिल्लांची चिवचिव ऐकू येत होती.

तिनं कापड ओढलं.

आत तीन पिल्लं होती, आणि त्यांना भरवत होती एक पिवळीधमक कॅनरी.

"बघून घ्या नीट," हाज म्हणाला. त्याला राग आला होता आणि तो त्यानं लपवला नाही. "बाप मकनीन, आई कॅनरी. माझ्या घरातच जन्मलेली आहेत. रानातली आठ दिवसांची पिल्लं आणून मी काय करू, सुईणपण? तुम्ही फोटोवाले आम्हाला कसाई समजता. आम्ही निदान आपल्या पक्ष्याला दुपारी उन्हात ठेवत नाही. हे कापड कशाला असतं वाटतं तुम्हाला? शोभेला?"

"माफ करा, हाज."

"माझा पोऱ्याही पिंजरा सावलीत आहे का ते आधी बघतो. मकनीन उपास सोसतो बाई, पण ऊन सोसत नाही."

नुआरा रस्त्यावर आली. दक्षिणेचा कोरडा वारा सोमवारपासून सुटला होता. सकाळी दहालाच डांबर मऊ व्हायचं. तिनं छत्री उघडली, दोन पावलं चालली, आणि मध्येच उभी राहिली. हाज रागाच्या भरात बोलून गेला होता, पण त्याच्या बोलण्यातला 'ऊन' हा शब्द तिच्या मनातून जाईना.

घरी जाऊन तिनं सकाळचे झाडाचे फोटो संगणकावर मोठे केले. करवतीनं कापलेली जागा अजून ओली, पांढरी होती. काप एका दिवसाचा, फार तर. पण तिच्या जरा वर, पूर्वेच्या अंगाला, सात बारीक डहाळ्यांची टोकं कातरलेली होती. आणि ती टोकं वाळून तपकिरी पडली होती. म्हणजे ती दोनतीन दिवस आधीची. याझीद कापतो तेव्हा तिरकं कापतो, पाणी साठू नये म्हणून. ही टोकं आडवी, चेंगरलेली होती, साध्या कात्रीनं कापल्यासारखी.

पक्षी चोरणाऱ्याला पानं कातरून काय मिळणार होतं? पूर्वेकडून येतो फक्त सकाळचा उजेड.

४

शनिवारी सकाळी शहराच्या सभागृहात छायाचित्रं टांगायचं काम चाललं होतं. दर वर्षीचं प्रदर्शन. स्मैनची चित्रं नऊ वर्षं तिथं लागत होती आणि नऊही वर्षं पहिला मान कुणा दुसऱ्यालाच मिळाला होता. या वेळी त्याचं चित्र मधल्या भिंतीवर होतं, दोन हात रुंद.

घरट्यात चार पिल्लं आणि चारही चोची उघड्या. चोचींच्या आतला लाल रंग उन्हात निखाऱ्यासारखा पेटला होता. खाली चित्राचं नाव लिहिलं होतं: 'भूक'.

"सुरेख आहे ना?" टांगणारा माणूस म्हणाला. "बघणारे रडतील. सोमवारचा फोटो आहे म्हणे, शेवटचाच."

नुआरा जवळ गेली. फिल्म उजेडावर धरून बघायची तसं तिनं बघितलं: आधी सावल्या, मग बाकीचं. सोमवारी तिनंही तेच घरटं टिपलं होतं, आणि तिच्या चित्रात पिल्लांवर पानांची जाळी पडलेली होती. इथं पानांची सावली औषधालाही नव्हती.

मग तिनं पिल्लांकडं पाहिलं. भुकेलं पिल्लू मान उभी ताणतं, थरथरतं, आईच्या दिशेला वळतं. इथं चारही माना काठावर टाकलेल्या होत्या. डोळे अर्धे मिटलेले होते. चार पिल्लांची तोंडं चार दिशांना होती, कारण आई कुठल्याच दिशेला नव्हती.

ही भूक नव्हती. पिल्लांना धाप लागली होती.

कुंपणानंच शेत खाल्लं होतं. पण सोमवारी पानं होती, तर हा फोटो मंगळवारचा की बुधवारचा? बुधवारी ती स्वतः बागेत गेली होती. ते फोटो तिनं नीट पाहिलेही नव्हते. गुरुवारी गुडघा दाखवायला दवाखान्यात जायची घाई होती.

घरी येऊन तिनं बुधवारचे फोटो उघडले. एक एक करत चाळीस पाहिले. मग ती न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिली.

५

त्याच संध्याकाळी ती स्मैनच्या घरी गेली. त्यानं कॉफी केली. नारंगीच्या फुलांच्या पाण्याचे दोन थेंब घालायला तो विसरला नाही. नुआराला तशी आवडते हे त्याला अकरा वर्षं ठाऊक होतं.

"पानं तुम्ही कातरलीत, सी स्मैन," ती म्हणाली. मास्तर म्हणून ती त्याला नेहमी 'सी' लावायची, आजही लावलं.

त्यानं कप खाली ठेवला.

"मंगळवारी संध्याकाळी," ती म्हणाली. "पायऱ्यांवरून हात पोचतो. बुधवारी सकाळी तुम्हाला हवा तसा उजेड मिळाला. घरटं उघडं पडलं, तुम्ही समोर उभे, म्हणून आई जवळ यायला धजली नाही. दुपारपर्यंत पिल्लं मेली. गुरुवारी याझीद नाही, मी नाही, भर दुपारी बागेत चिटपाखरू नाही. तेव्हा तुम्ही घरची करवत घेऊन आलात. मेलेली पिल्लं कुणी पाहू नयेत म्हणून घरट्यासकट फांदी नेलीत. चोरी वाटावी म्हणून उंदरांचा गोंद आणलात. फक्त चोर पिल्लं कशी नेतो हे तुम्हाला माहीत नव्हतं. पुस्तकं वाचून पक्षी कळतात, पक्षी धरणारे कळत नाहीत."

स्मैननं खिडकीकडं तोंड केलं. "सातच डहाळ्या होत्या," तो म्हणाला. "मला वाटलं, तासाभराचा प्रश्न आहे. आई येईल, बसेल. नऊ वर्षं, नुआरा. नऊ वर्षं मी दुसऱ्यांच्या चित्रांपुढं टाळ्या वाजवल्या."

"पिल्लं कुठं आहेत?"

"कुंडीत." त्यानं गॅलरीतल्या सब्जाच्या रोपाकडं बोट दाखवलं. "पुरली मी. नीट पुरली."

"उद्या साहेबाकडं चला."

"मुराद माझा विद्यार्थी आहे. ह्या शहरात निम्मे लोक माझे विद्यार्थी आहेत. काय तोंड दाखवू? याझीदला फार तर दंड होईल. त्यानं आयुष्यभर जे केलं त्याचाच समज."

या वाक्यानं नुआराच्या मनातली उरलीसुरली मायाही आटली. ती उठली.

"तुमच्या फोटोवर तुम्ही सोमवार लिहिलाय. माझ्याकडं बुधवारचा आहे, तारखेसकट, वेळेसकट. दहा चाळीस. घरटं जागेवर, पानं कातरलेली, पिल्लं धापा टाकतायत. चोरीच्या एक दिवस आधी. तो एकच फोटो याझीदला सोडवतो."

"दाखव की." स्मैनचा आवाज एकदम बदलला. वर्गात चुकलेल्या मुलाला बोलायचा तसा झाला. "वेळही दाखव. दहा चाळीस. मी नऊलाच निघून गेलो होतो. अकराला मला निरोप कुणी पाठवला होता? 'आज उजेड काय मिळालाय, सी स्मैन, पोट भरलं.' अजून आहे माझ्या फोनमध्ये. तेव्हा पिल्लं जिवंत होती, नुआरा. मी गेलो होतो, तू होतीस."

ती दारात उभी राहिली. हे तिला न्हाणीघरातच कळून चुकलं होतं. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं वेगळं असतं.

"ठेव तो फोटो आपल्यातच," तो मऊपणे म्हणाला. "तुझ्या भल्यासाठीच सांगतोय."

६

रविवारी आठ वाजता तिनं साहेबाच्या टेबलावर दोन फोटो ठेवले. एक सोमवारचा, एक बुधवारचा. कापलेल्या टोकांचे ठेवले, गोंदकाड्यांचे ठेवले, आणि चोरीची रीत स्वतःच्या तोंडानं सांगितली, म्हणजे ती याझीदला सांगावी लागू नये. शेवटी स्मैनचं नाव घेतलं.

मुराद साहेबानं सगळं ऐकलं. नाव ऐकल्यावर मात्र तो उठून खिडकी लावून आला.

"याझीदविरुद्धचा कागद मी फाडतो," तो म्हणाला. "खाल्ती, बाकीचं राहू दे. पिल्लं काही परत येत नाहीत. मास्तरांचं वय बघा."

"याझीदचंही वय बघितलं असतंत."

साहेबानं कागद फाडला. माफी मागितली नाही, आणि सभागृहातलं चित्रही भिंतीवरून उतरलं नाही. पुढच्या बुधवारी त्याला पहिला मान मिळाला, ही बातमी नुआराला रतीबाकडून कळली.

पण ते पुढचं. त्या रविवारी ती कचेरीतून निघाली ती थेट नारंगीच्या झाडाकडं गेली. याझीद तिथंच होता, करवतीच्या जखमेला चुना लावत. समोरच्या सुरूच्या झाडावर मकनीनची मादी अजून येत होती. फांदी होती त्या जागी उडून यायची, हवेतच फडफडायची आणि परत जायची.

"सुटलास," नुआरा म्हणाली. "गाठोडं सोडायला सांग बायकोला."

त्यानं छातीवर हात ठेवला. "अल्ला तुमच्या डोळ्यांना बरकत देवो, खाल्ती. तुमच्या नजरेनं वाचवलं मला."

ते तिला सोसवेना. गप्प राहिली असती तर निभलं असतं. साहेबानं नीट पाहिलं नव्हतं, याझीदनं कधी विचारलंही नसतं. पण तिनं पिशवीतून बुधवारचा फोटो काढून त्याच्या हातात दिला.

याझीदनं चुन्याचे हात पँटला पुसले आणि फोटो सावलीत धरला. त्याला तीस वर्षांचा अनुभव लागला नाही. एका क्षणात त्याचा चेहरा बदलला.

"हा सी स्मैनचा?"

"माझा."

"किती वेळ होतात?"

"वीस मिनिटं. चाळीस फोटो काढले. मला वाटलं भूक लागलीय त्यांना. आई त्या सुरूवर बसून सारखी ओरडत होती. मला वाटलं, गातेय."

याझीदनं पायऱ्यांकडं पाहिलं, फांदीच्या जागेकडं पाहिलं, मधलं अंतर नजरेनं मोजलं. मग त्याची नजर तिच्या हाताकडं गेली.

"छत्री होती ना तुमच्याकडं?" त्यानं विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"होती."

"मग?"

"मिटली होती," नुआरा म्हणाली. "तिची सावली पडत होती घरट्यावर. फोटो काळा येत होता."

याझीदनं फोटो तिला परत दिला, चुन्याचा डबा उचलला आणि नळी ओढत तो गुलाबांना पाणी घालायला गेला.